पीएचडीचे पैसे आणि जिल्ह्याचे दुखणे

पीएचडीच्या फेलोशिपचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच दोन फळ्या पडतात. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात ‘सारथी’ या मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठीच्या सरकारी संस्थेच्या फेलोशिपधारकांची संख्या २०० पर्यंत खाली आणल्याचा मुद्दा विधान परिषदेत आला आणि ‘पीएचडी करून काय दिवे लावणार’ असा सवाल सरकारच्या बाजूने केला गेला. तेव्हापासून एक फळी तो सवाल मनापासून पटल्यासारखा बोलते: फुकटचे पैसे, पाच-पाच वर्षे टंगळमंगळ, शेवटी कपाटात पडणारा प्रबंध. दुसरी फळी म्हणते की हा बहुजनांच्या पोरांचा अपमान आहे. फेलोशिप त्यांचा हक्क आहे, तो द्या आणि प्रश्न विचारू नका. नाशकात कॉलेज रोडवरच्या अभ्यासिकांत आणि प्राध्यापकांच्या बैठकांत मी हे दोन्ही सूर ऐकत आलो आहे. दोन्हीकडे चर्चा होते ती विद्यार्थ्याची: तो गरीब आहे का, लायक आहे का, आळशी आहे का. तो अभ्यास कशाचा करतो आहे, हे मात्र कुणी विचारत नाही.

मी इथे सार्वजनिक आरोग्यापुरतेच बोलतो, कारण तेच क्षेत्र मला जवळून ठाऊक आहे. माझे म्हणणे असे की सार्वजनिक आरोग्यात पीएचडी करणाऱ्याला दिला जाणारा पैसा हा आरोग्यसेवेवरचा खर्च मानला पाहिजे. उपकेंद्रातल्या परिचारिकेचा पगार ज्या कारणासाठी द्यायचा, त्याच कारणासाठी हाही द्यायचा: जिल्ह्यातली माणसे कमी आजारी पडावीत म्हणून. हे एकदा मान्य केले की दोन गोष्टी ओघाने येतात. पैसा महिन्याच्या महिन्याला, पुरेसा आणि क्षेत्रकार्याच्या खर्चासकट दिला पाहिजे. आणि ज्या जिल्ह्याच्या नावाने तो दिला जातो, त्या जिल्ह्याला ‘तू कोणत्या प्रश्नाचे उत्तर शोधतो आहेस’ असे विचारण्याचा अधिकार असला पाहिजे. पहिली फळी पहिली गोष्ट नाकारते, दुसरी फळी दुसरी. मला दोन्ही हव्या आहेत.

प्रश्न कोणते, ते शोधायला नाशिककराने लांब जायला नको. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून याच गावात आहे, म्हसरूळला, दिंडोरी रोडवर. राज्यभरातली वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, होमिओपॅथी आणि नर्सिंगची महाविद्यालये त्याच्या छत्राखाली येतात. त्याच रस्त्याने पुढे गेले की द्राक्षबागा लागतात. ऑक्टोबर छाटणी उरकली की काही आठवड्यांत डिपिंगचे दिवस येतात. पेठ-सुरगाण्याकडून टोळीने आलेल्या बाया जीएच्या (मणी फुगवणाऱ्या जिबरेलिक अ‍ॅसिड या संजीवकाच्या) पाण्याने भरलेले भांडे घडाखाली धरतात, घड बुडवतात, पुढच्या घडाकडे सरकतात. हात कोपरापर्यंत ओले, अंगावर नवऱ्याचा जुना शर्ट, तोंडाला ओढणी. दोन ओळी सोडून ट्रॅक्टरच्या ब्लोअरने बुरशीनाशकाची फवारणी चाललेली असते आणि वारा वळला की त्याचा धुरळा सगळ्यांच्या अंगावर येतो. एखादीचे मूल मांडवाच्या खांबाला बांधलेल्या झोळीत झोपलेले असते. निर्यातीच्या घडात औषधाचा अंश किती उरला, याची तपासणी प्रयोगशाळेत होते. युरोपची बाजारपेठ ती मागते आणि अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेने त्यासाठी ‘ग्रेपनेट’ नावाची अख्खी व्यवस्था उभी केली आहे. पण घड धरणाऱ्या त्या हातांचे काय? त्या बायांच्या कातडीवर, श्वासावर, गर्भारपणावर दहा हंगामांत काय परिणाम होतो? हे विचारणारी बाजारपेठ कुठेच नाही, आणि म्हणूनच ते विचारण्यासाठी सार्वजनिक पैसा लागतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली तेव्हा सगळे खडबडून जागे झाले. हळूहळू साचणाऱ्या विषाची बातमी होत नसते. ते कुणीतरी चिकाटीने वर्षानुवर्षे मोजावे लागते.

मालेगावचेही तसेच. २०२२ च्या अखेरीस तिथे गोवराची साथ आली. यंत्रमागांच्या वस्तीतली मुले लसीपासून का राहिली, याची उत्तरे आपण गृहीत धरतो: धर्म, अज्ञान, अफवा. आई दिवसभर कुठे असते, लसीकरणाचे सत्र कोणत्या वेळी भरते, मागच्या डोसाला ताप आला तेव्हा घरी कुणी विचारायला आले होते का, हे घराघरांत बसून विचारल्याशिवाय कळणार नाही. कोविडच्या पहिल्या लाटेत हेच शहर आधी धसका ठरले आणि पुढे आश्चर्य ठरले. त्या आश्चर्याचे कारण शोधायला आरोग्य विद्यापीठाने अभ्यास हाती घेतला, हे योग्यच झाले. असे अभ्यास एकेकट्या प्रकल्पाच्या कृपेवर न राहता सलग चालायला हवेत, आणि ते सलग चालवणारा माणूस म्हणजे पीएचडीचा विद्यार्थी.

आता विरुद्ध बाजूचे म्हणणे, आणि त्यातले जे खरे आहे ते खरेच आहे. प्रबंध निकृष्ट असतात. ‘अमुक तालुक्यातील महिलांच्या आरोग्याचा चिकित्सक अभ्यास’ अशा मथळ्याचे, तालुका बदलला तरी निष्कर्ष न बदलणारे प्रबंध मी वाचले आहेत. शंभर जणांची प्रश्नावली, टक्केवारीचे तक्ते, शेवटी ‘जनजागृती आवश्यक आहे’. पदवीचा उपयोग पदोन्नतीसाठी होतो आणि विषय गाइडच्या सोयीने ठरतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या जेआरएफचा, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिपचा, दर जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये आहे. कंत्राटी परिचारिका याहून बऱ्याच कमी पगारावर रात्रपाळ्या करते. तिने विचारले की माझ्यापेक्षा याचे काम मोलाचे कसे, तर तिचा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही.

याहून जड आक्षेप दुसरा आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्याचे जे काम जगाने पाहिले, ते पीएचडीवाल्यांनी केलेले नाही. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केले, गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी उभे केले. दोन्ही जोडपी डॉक्टरांची. गावातल्या बाईला शिकवून नवजात बाळाला वाचवता येते, हे गडचिरोलीने दाखवले आणि घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याची ती पद्धत पुढे देशभरातल्या आशा कार्यकर्त्यांच्या कामात आली. मग पीएचडीचा आग्रह कशाला?

आक्षेप रास्त वाटतो, पण त्या कामाच्या आत डोकावून पाहा. गडचिरोलीचा अभ्यास १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला तो नुसता सेवाकार्याचा अहवाल म्हणून नव्हे. ३९ गावांत सेवा, ४७ गावांत तुलना, दोन्हीकडे जन्ममृत्यूची काटेकोर नोंद, आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदरात ६२ टक्के घट. तुलनेची गावे नसती तर ‘आम्ही चांगले काम केले’ यापलीकडे काहीच सिद्ध झाले नसते, आणि दिल्लीतल्या एकाही अधिकाऱ्याला धोरण बदलावे लागले नसते. ही पद्धत शिकायला बंग पतिपत्नी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेले होते. आरोळे दांपत्यही गेले होते. म्हणजे पदवीचे नाव काहीही असो, संशोधनाचे शिक्षण घेतल्याशिवाय ही कामे झालेली नाहीत. प्रश्न इतकाच उरतो की ते शिक्षण आज कळवणच्या आश्रमशाळेत शिकलेल्या, बीएएमएस झालेल्या मुलीने कुठे घ्यायचे? नर्सिंगमधून आलेल्या, समाजकार्यात एमएसडब्ल्यू केलेल्या, संख्याशास्त्र शिकलेल्या मुलामुलींनी कुठे घ्यायचे? विद्यावेतन घेत घेत तीन-चार वर्षे एकाच प्रश्नामागे राहता येईल अशी त्यांच्यासाठी एकच जागा आहे, ती म्हणजे पीएचडी. ती बंद केली तर संशोधन थांबणार नाही. ते फक्त सधन घरांतल्या मुलांचे काम होऊन बसेल.

‘संशोधन कसले करता, त्यापेक्षा प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर द्या’ हा तिसरा सूर. सुरगाण्यात तो सर्वांत जोरात लागतो आणि तिथे डॉक्टर हवेतच, याबद्दल दुमत नाही. पण एकाच्या बदल्यात दुसरे, असा हा सौदाच नाही. १९६० च्या सुमारास क्षयरोगाबाबत असेच बोलले जात होते. खेड्यातला रुग्ण अडाणी, तो आजार लपवतो, तेव्हा क्ष-किरणाच्या गाड्या गावोगाव फिरवा, यावर अनेकांचा भर होता. बंगळुरूच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेतले देबबर बॅनर्जी आणि त्यांचे सहकारी स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यात रुग्णांनाच जाऊन विचारले. निम्म्याच्या आसपास रुग्ण आधीच सरकारी दवाखान्यात जाऊन आलेले निघाले, आणि तिथून खोकल्याचे औषध देऊन त्यांना घरी पाठवलेले होते. अडाणी कोण होते मग? रुग्ण की व्यवस्था? गाड्यांपेक्षा दवाखान्यातच थुंकी तपासायची सोय करावी, ही दिशा अशा अभ्यासांतून पक्की झाली. त्याआधी, १९५९ साली, मद्रासच्या अभ्यासाने दाखवून दिले होते की घरी राहून औषध घेणारा रुग्ण सॅनेटोरियममधल्या रुग्णाइतकाच बरा होतो. गरीब देशाचे किती पैसे आणि किती संसार या दोन अभ्यासांनी वाचवले! डॉक्टर नेमायचा तर तो कुठे बसवायचा आणि त्याने काय करायचे, हे कळण्यासाठीच संशोधन लागते.

आणि ते नसले की काय होते, ते महाराष्ट्राने फार मोठी किंमत मोजून पाहिले आहे. १८९७ च्या प्लेगात पुण्यात घरे उपसली गेली, सामान जाळले गेले, माणसे ओढून छावण्यांत नेली गेली. प्लेग पसरतो कसा, हेच सरकारला ठाऊक नव्हते, म्हणून ते माणसांच्या मागे लागले. त्याच वर्षी मार्च महिन्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या. जूनमध्ये रँडचा खून झाला. उंदरावरच्या पिसवांमधून प्लेग पसरतो हे पॉल-लुई सिमाँ याने १८९८ साली याच उपखंडात प्रयोग करून दाखवले, आणि तरीही ते सर्वमान्य व्हायला पुढची कित्येक वर्षे गेली. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली, तेव्हा त्यांच्या हाताशी मोजकीच माणसे होती. लष्कर आणि शोधपथकांवर जो खर्च झाला त्याचा छोटासा हिस्सा आधी अशा खोल्यांवर झाला असता तर?

तेव्हा पैसा द्यावा की नाही, हा प्रश्न माझ्या लेखी निकालात निघाला आहे. घोडे पेंड खाते ते तो कसा दिला जातो, इथे. २४ डिसेंबर २०२३ ला सारथी, अनुसूचित जातींसाठीची बार्टी आणि इतर मागासवर्गीयांसाठीची महाज्योती यांच्या फेलोशिपसाठी सामायिक परीक्षा झाली. प्रश्नपत्रिका जुन्या सेट (प्राध्यापकपदाच्या राज्यस्तरीय पात्रता) परीक्षेवरून उचलल्याचे उघड झाले आणि जानेवारीत ती पुन्हा घ्यावी लागली. फेलोशिपसाठी विद्यार्थ्यांनी आझाद मैदानात महिनोन्‌महिने बसावे, हे तर आता कुणाला विशेषही वाटत नाही. एका विद्यार्थिनीचे काम मी जवळून पाहिले. त्र्यंबकच्या पाड्यांवर ती गर्भार बायांचे हिमोग्लोबिन आणि आहार नोंदवत होती. फेलोशिप आठ महिने थकली. काळीपिवळीचे भाडे, तपासणीच्या पट्ट्या, सोबत येणाऱ्या आशाताईचे चहापाणी, सगळे तिने वडिलांच्या कांद्याच्या पट्टीतून भागवले. तिची वही मी पाहिली आहे: ओळीने नावे, तारखा, आकडे, आणि मधेच दोन महिन्यांची कोरी पाने. त्या दोन महिन्यांत तीन बाया बाळंत झाल्या होत्या. त्यांच्या शेवटच्या तिमाहीची नोंद आता कधीच मिळणार नाही. हप्ता उशिरा मिळाल्याने विद्यार्थ्याचे हाल होतात हे आपण म्हणतो, पण विदा, म्हणजे जमवायची माहिती, कायमची जाते हे म्हणत नाही. लेखाशीर्षाच्या टेबलावर बसलेल्याला ही पाने दिसत नाहीत.

वेळेवर मिळाली तरी फेलोशिप विद्यार्थ्याला जगवते, संशोधनाला जगवत नाही. जेआरएफमध्ये आकस्मिक खर्च म्हणून पहिली दोन वर्षे सामाजिक शास्त्रांना वर्षाला १०,००० आणि विज्ञान शाखांना १२,००० रुपये मिळतात. एवढ्यात पेठ तालुक्यातली वीस गावे कशी फिरायची? मग नाशिक शहरातल्याच एखाद्या महाविद्यालयातले शंभर विद्यार्थी नमुना म्हणून घेतले जातात. निकृष्ट प्रबंधांबद्दल पहिली फळी जी तक्रार करते, तिचे निम्मे उत्तर या आकड्यात आहे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

उरलेले निम्मे उत्तर प्रवेशाच्या पद्धतीत आहे, आणि इथे दुसऱ्या फळीने ऐकून घ्यायला हवे. आपल्याकडे पेट (विद्यापीठाची पीएचडी प्रवेश परीक्षा) किंवा नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) झाली की विद्यार्थ्याला पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘गाइड मिळाला का’. प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा, सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी, ही आयोगाची मर्यादा. त्यात जागा रिकामी असली की विषय त्या गाइडच्या शेल्फावरून येतो. २०२४ पासून जेआरएफ न मिळालेल्यांसाठी नेटच्या गुणांना सत्तर टक्के आणि मुलाखतीला तीस टक्के वजन आले. बहुपर्यायी प्रश्न सोडवण्याचे कौशल्य सत्तर, आणि स्वतःचा प्रश्न मांडण्याचे तीस! बाहेरच्या चांगल्या विद्यापीठांत अर्जाच्या पहिल्याच पानावर विचारतात: कोणता प्रश्न घेऊन येताय, आणि तो इथेच का सोडवायचा आहे? अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याच्या पीएचडीला प्रवेश मिळाला तर नामांकित विद्यापीठे बहुधा फी माफ करून वर विद्यावेतन देतात, पण डीआरपीएच या व्यावसायिक पदवीला बहुतेकदा पदरचे पैसे घालावे लागतात. हा साधा फरक न कळल्याने शेत गहाण टाकायच्या बेतात आलेली घरे मी पाहिली आहेत. राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या अनुसूचित जातींसाठी वर्षाला ७५ जागा आहेत आणि त्या साऱ्या विद्याशाखांत वाटल्या जातात. ज्याला हे मार्ग सांगणारे कुणी नाही, त्याच्यासाठी ते असून नसल्यासारखेच. तिरुवनंतपुरमचे अच्युत मेनन केंद्र, जेएनयूचे सामाजिक वैद्यक केंद्र, मुंबईतल्या टिस (टाटा समाजविज्ञान संस्था) आणि आयआयपीएस (लोकसंख्या अभ्यासाची संस्था) या संस्था, ही नावेसुद्धा नाशिकच्या बीएएमएसच्या शेवटच्या वर्षात कुणी उच्चारत नाही.

‘हक्क आहे, प्रश्न विचारू नका’ म्हणणाऱ्यांची भीती मला समजते. प्रश्न विचारण्याचा अधिकार सरकारच्या हाती गेला की नकोसे विषय आधी गाळले जातील. बाळंतपणातले मृत्यू दडवणारा जिल्हा त्यावर प्रबंध कसा होऊ देईल? म्हणून हा अधिकार मंत्रालयाकडे नको. विषय ठरवायला बसणाऱ्या मंडळीत विद्यापीठाचा प्राध्यापक असावा, जिल्हा आरोग्य अधिकारी असावा, आणि त्यांच्याइतक्याच मताची एक आशा कार्यकर्ती आणि आदिवासी भागातला एक सरपंच असावा. प्रबंध मान्य झाल्यावर त्याचे दहा पानी मराठी सार जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीपुढे वाचले जावे आणि ते सगळ्यांसाठी खुले असावे. ज्याला हे जड वाटेल त्याने दुसरा विषय घ्यावा, दुसरी फेलोशिप शोधावी. सार्वजनिक पैशाने लोकांच्या आजाराचा अभ्यास करणाऱ्याने त्याच लोकांपुढे उभे राहायला का कचरावे?

पदवीनंतरच्या नोकरीबद्दलही बोलायला हवे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापनाचा स्वतंत्र संवर्ग सुचवला. तमिळनाडूने ही वाट फार आधी धरली. मद्रासचा सार्वजनिक आरोग्य कायदा १९३९ चा आहे. आपल्याकडे एमडी नसलेल्या पीएचडीधारकाला वैद्यकीय महाविद्यालयाचे दार अरुंद आणि जिल्हा आरोग्य कार्यालयाचे दार बंद. तो संवर्ग उभा राहीपर्यंत ‘काय दिवे लावणार’ हा सवाल विद्यार्थ्याला नव्हे, सरकारला लागू होतो.

सिंहस्थाचा हिशेब पाहा. २०१५ च्या पर्वात दवाखान्यांतल्या रुग्णांच्या नोंदी टॅबलेटवर घेऊन साथींवर रोजच्या रोज नजर ठेवायचा प्रयोग नाशकात झाला. हार्वर्डच्या संशोधकांचा त्यात सहभाग होता आणि तो उपयोगी ठरला. २०२७ च्या पर्वाचे पाणी, संडास, गर्दी आणि परतल्यानंतर गावोगाव होणारे आजार यांवर नाशिकच्या माणसाने अभ्यास करायचा, तर पर्वाआधीच्या नोंदी हाताशी हव्यात आणि पीएचडीची किमान मुदत तीन वर्षांची आहे. म्हणजे ते प्रवेश २०२४ सालीच व्हायला हवे होते. तरी अजूनही काही हातचे गेलेले नाही, कारण पर्वानंतरची वर्षेही मोजायची आहेत. आयोगाच्या दराने एका विद्यार्थ्याची पाच वर्षांची फेलोशिप, घरभाडे वगळून, २४ लाख रुपये होते. दहा विद्यार्थ्यांची २ कोटी ४० लाख. प्रत्येकाला क्षेत्रकार्यासाठी वर्षाला एक लाख धरले तर आणखी ५० लाख. सिंहस्थाची कामे हजारो कोटींची आहेत. त्यातून २ कोटी ९० लाख बाजूला काढून आरोग्य विद्यापीठाच्या नावाने वेगळ्या खात्यात टाकावेत, दरमहा पाच तारखेला त्यातून विद्यावेतन जावे, आणि पहिल्या दहा विषयांत डिपिंग करणाऱ्या बायांचा विषय असावा, एवढे जिल्ह्याच्या पालकमंत्र्यांनी आणि महापालिकेने सिंहस्थाच्या पुढच्याच आढावा बैठकीत ठरवावे.